नेहमीच्या दिवसाची मोजणी

पुण्याहून बारामतीस जाण्याला कोणी प्रवास म्हणत नाही. अंतर थोडे, वाटेत नाव घेण्यासारखा घाट नाही, पाहण्यासारखे दुर्ग नाहीत. तरीही त्या तीन दिवसांचा वृत्तान्त लिहीत आहे, कारण त्या बाजूची माणसे रेल्वेने रोज कशी जातात-येतात, हे पुण्यातील वाचकाला ठाऊक नसते. मलाही नव्हते. रेल्वेच्या वाणिज्य विभागात पस्तीस वर्षे काढली, त्यांतील बरीच प्रवासी मोजण्यात गेली, तरी नव्हते.

दौंड-बारामती मार्गावरील एका थांब्याची ही हकीकत आहे. थांब्याचे नाव लिहीत नाही. ते छापून यावे असे तेथील सरपंचांना वाटते. मला वाटत नाही.

इस्माईलभाईंचा फोन आला तेव्हा जानेवारी लागला होता. अरुंद रुळांवरची छोटी गाडी धावत असे त्या काळात मी दौंडला कारकून होतो आणि इस्माईलभाई त्या गाडीत चहा विकत. एवढीच आमची ओळख, पण ती टिकली.

"सायेब," ते म्हणाले, "आमच्या हॉल्टवं तिकिटं खपत न्हाईत म्हनून गाडी थांबवायची बंद करनार हायत. बेस्तरवारी मोजायला मानूस येतोय. तुमी ह्यातलं जानकार. या."

मी त्यांना सांगितले की, नोकरीत असताना मी स्वतः असे चार थांबे बंद करण्याची शिफारस केली होती. विक्रीचा तक्ता पाहिला आणि सही केली.

"म्हनून तर बोलावतोय," ते म्हणाले.

बुधवार

दौंडपर्यंतचा प्रवास वगळतो. दौंड सोडल्यावर गाडी सोलापूरचा मार्ग टाकून दक्षिणेला वळते आणि प्रदेश बदलतो. ऊस तुऱ्यावर आलेला, ज्वारी हुरड्यात, मध्येच कांद्याची हिरवी चौकट. मी पूर्वी पाहिलेला माळ मात्र आता माळ राहिलेला नाही. त्याच्यावर प्लॉटांचे दगड रोवले आहेत, काही ठिकाणी दोन मजली घरे उभी आहेत, घरांपुढे रस्ता नाही पण वाहने आहेत. शेतात राहायचे आणि कारखान्यात कामाला जायचे, अशी ही वस्ती आहे. पुण्याच्या उपनगरांत घर आधी येते आणि गाडी मागून मागावी लागते. येथे गाडी होती म्हणून घरे आली.

मी उतरलो त्या थांब्याचा फलाट बुटका होता. पत्र्याची एक शेड, एक कडुनिंब, आणि कपाटाएवढी तिकिटाची खोली. खोलीत पोपटराव बसले होते. पोपटराव रेल्वेचे नोकर नव्हेत. बारामतीहून तिकिटे आणून येथे विकण्याचे काम त्यांच्याकडे करारावर आहे. वय पन्नाशीचे, मिशा काळ्या केलेल्या.

"काल किती तिकिटे गेली?" मी विचारले.

"नऊ."

"परवा?"

"परवा मीच न्हवतो, तात्या."

"मग लोकांनी तिकीट कोठून घेतले?"

"कुनाला लागतंय?"

फलाट आणि पलीकडचे आवार यांच्यामध्ये लोखंडी फिरते फाटक आहे. गुरे रुळांवर येऊ नयेत म्हणून ते बसवलेले आहे. त्यातून एका वेळी एकच माणूस जातो, आणि तोही पोट आत घेऊन. मी त्यातून पलीकडे गेलो आणि थांबलो. इस्माईलभाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारसायकली उभ्या होत्या. एक ओळ, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. साठाहून कमी नसाव्यात. चहाचा धंदा सोडल्यावर इस्माईलभाईंनी हा वाहनतळ सांभाळायला घेतला आहे. ते खुर्चीवर बसून होते. त्यांना काचबिंदू झाला आहे. समोर उभा असलेला माणूस त्यांना दिवसा अंधूक दिसतो आणि दिवस मावळल्यावर दिसतच नाही.

"सायेब आलं," ते म्हणाले. मी अजून बोललो नव्हतो.

"कसे ओळखलेत?"

"बुटाचा आवाज हितं कोन करतंय? समदी चपला नायतर कंपनीचं शूज."

"या मोटारसायकली कोणाच्या?"

"गाडीला जानाऱ्यांच्या. कोन दौंडला जातंय, कोन कुरकुंभला कंपनीत. सांजच्याला येत्यात, आपापली गाडी घेत्यात, जात्यात."

तिकिटे नऊ आणि मोटारसायकली साठ. कोडे संध्याकाळी सुटले. सातच्या गाडीने इस्माईलभाईंची मुलगी नसीम उतरली. ती दौंडच्या एका रुग्णालयात रक्त तपासण्याचे काम करते. हातात डबा, खांद्याला पिशवी, आणि बोलणे तिच्या वडिलांपेक्षा नीटस.

"चाचा, इथं पास मिळत न्हाई," ती म्हणाली. "पोपटकाकांकडं नुसतं तिकीट. पास आमी मोबाईलवर काढतो, बारामती ते दौंड."

"चढता येथून. मग पास बारामतीपासून का?"

"बाजाराला, दवाखान्याला बारामतीलाच जावं लागतं. एका पासात दोन्ही होतंय."

"म्हणजे कागदावर तुम्ही सर्व जण बारामतीला चढता."

"व्हय."

"आणि येथे कोणीच चढत नाही."

ती हसली. "न्हाई की."

मी बंद केलेल्या त्या चार थांब्यांच्या बाहेर मोटारसायकली उभ्या होत्या की नव्हत्या, हे मला आज सांगता येणार नाही. मी फलाटाच्या बाहेर गेलो नव्हतो.

उपाय एकच होता. तिकिटे साक्ष देत नसतील, तर माणसे मोजावी लागतात. गुरुवारी निरीक्षक येऊन सकाळच्या गाडीत चढणारी आणि संध्याकाळच्या गाडीतून उतरणारी माणसे मोजणार होता. त्या आकड्यावर थांबा राहणार किंवा जाणार.

थांबा गेला तर काय होईल, हे मी नसीमला विचारले. एस.टी. त्या गावात येत नाही; हमरस्ता दोन कोसांवर आहे. वडिलांच्या डोळ्यांत सकाळी आणि संध्याकाळी थेंब घालायचे असतात. ते तीच घालते, कारण आई नाही आणि भाऊ नाही. दौंडला खोली घ्यायची तर थेंब राहून जातात. घरी राहायचे तर नोकरी जाते.

"दोन्हीतलं काय करायचं, ते अजून अब्बांना सांगितलं न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली.

"डोळं गेल्यात," इस्माईलभाई पलीकडून म्हणाले, "कान न्हाई गेलं."

जेवायच्या आधी सरपंच येऊन गेले. त्यांनी निरीक्षकाचा सत्कार ठरवला होता. सकाळी पावणेसात वाजता, इस्माईलभाईंच्या शेडमध्ये, शाल आणि नारळ. अध्यक्षस्थान मी भूषवावे, अशी गावाची इच्छा होती.

मी म्हणालो की गाडी सात-वीसला आहे, आणि मोजणीच्या वेळी समारंभ असू नये.

"तात्या, त्येच तर डोकं लढवलंय," सरपंच म्हणाले. "समदी जनता खुर्चीवं बसलेली आसंल. सायबाला एका नजरंत दिसंल, किती मानूस हाय. आन् गाडी कदी येळंवर आलीया? धा मिन्टं कार्यक्रम, धा मिन्टं चहा, मग गाडी."

मी होकार दिला. का दिला, याचे समर्थन करीत नाही. पाहुण्याने यजमानाच्या गावात पहिल्या संध्याकाळी वाद घालू नये, असे मला वाटले.

जेवताना माझ्यापुढे पिठले, भाकरी आणि ठेचा आला. घरच्यांच्या ताटात मटणाचा रस्सा होता. पुण्याचा माणूस, म्हणून नसीमने वेगळी चूल सांभाळली होती. पिठले उत्तम होते. मी मटण खातो हे त्यांना कळण्यास तिसरा दिवस उजाडला.

गुरुवार

निरीक्षक बारामतीहून जीपने साडेसहाला आला. तिशीचा, सडपातळ, हातात पाटीला लावलेला छापील तक्ता. त्याने फलाट पाहिला, तक्त्यावर वेळ लिहिली, आणि त्याच वेळी सरपंचांनी त्याला दंडाला धरून शेडमध्ये आणले. मोटारसायकली बाजूला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. रोज जाणारी सगळी माणसे, डबे मांडीवर घेऊन, ओळीने बसली होती. फलाटावर जेमतेम सहा-सात जण राहिले. समारंभांवर विश्वास नसलेली माणसे प्रत्येक गावात असतात.

शाल झाली, नारळ झाला. सरपंच बोलले. ग्रामपंचायतीचे दोन सदस्य बोलले. निरीक्षक घड्याळ पाहत होता. मीही पाहत होतो. सात वाजून बारा मिनिटांनी माझा परिचय करून देण्यास इस्माईलभाई उठले. पुण्यात परिचय करून देणारा कागद वाचतो. इस्माईलभाईंना कागद वाचता येण्यासारखी दृष्टी नव्हती, म्हणून ते आठवेल तसे बोलत गेले. छोटी गाडी, दौंडचा थंडीतला फलाट, आणि चहाचा पेला कारकुनाच्या टेबलावर ठेवायला परवानगी नव्हती तेव्हा मी तो कसा ठेवू दिला, ही गोष्ट. मला ती आठवत नव्हती. सात-अठराला त्यांना थांबवायला हवे होते. मी थांबवले नाही.

सात-वीसला भोंगा वाजला. गाडी वेळेवर होती.

त्यानंतरच्या एका मिनिटाविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. खुर्च्या पडल्या. दीडशे माणसे एका फिरत्या फाटकावर गेली. ते फाटक एका वेळी एकालाच सोडते. पहिला माणूस पाठीवरच्या पिशवीसकट त्यात अडकला; मागच्यांनी ढकलले, तो अधिक अडकला. काहींनी कुंपणावरून उडी मारली. तोवर गाडी हलली होती. नसीम सगळ्यांच्या मागे होती. पुष्पगुच्छाचे तबक तिच्या हाती दिलेले होते आणि ते खाली ठेवण्यास तिला जागा सापडली नव्हती.

निरीक्षक आधीच फलाटावर गेला होता. शाल त्याच्या खांद्यावरच होती. त्याने चढलेली माणसे मोजली आणि तक्त्यावर लिहिले. सात.

सरपंच म्हणाले, "आजच बरी येळंवर आली." नसीमने बाजूला जाऊन रुग्णालयात फोन केला. परत आली तेव्हा तिने तबकातला गुच्छ आपल्या वडिलांच्या खुर्चीवर ठेवला आणि आत जाऊन त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. सकाळचे थेंब ती घाईत विसरली होती.

मी निरीक्षकाकडे गेलो.

"संध्याकाळचे काय करणार?"

"उतरणारे मोजणार, सर. पण जे गेलेच नाहीत, ते उतरणार कुठून?"

"तक्ता दाखवा."

त्याने दाखवला. छपाई बदलली आहे, रकाने तेच आहेत. शेवटचा रकाना शेऱ्याचा. बहुतेक निरीक्षक तो कोरा ठेवतात. मीही ठेवत असे.

"मोजणीचा दिवस नेहमीचा असावा, अशी सूचना तुमच्या कागदांत असेल," मी म्हणालो. "यात्रा, बाजार, बंद, समारंभ असे काही असल्यास शेरा लिहून पुन्हा मोजावे. आज नेहमीचा दिवस होता का?"

त्याने खांद्यावरच्या शालीकडे पाहिले. "नव्हता, सर."

"मग तसे लिहा."

"कारण काय लिहू? गावाने माझाच सत्कार केला, असं लिहिलं तर वरचे साहेब मला विचारतील, तुम्ही तिथं गेलाच का."

"अध्यक्ष मी होतो. माझे नाव लिहा. निवृत्त कर्मचाऱ्याच्या सत्कारामुळे, असे लिहा. ते खोटे नाही. बोलणे माझ्याविषयीच चालले होते."

तो कडुनिंबाखाली जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला तेव्हा शाल घडी करून हातात घेतली होती. "उद्याचा दिवस मिळाला. फक्त सकाळची गाडी. यानंतर पुन्हा मोजणी नाही, असं स्पष्ट सांगितलंय."

मला बरे वाटले. ते अर्धा तासच टिकले. पोपटरावांनी येऊन सांगितले की कुरकुंभच्या कंपनीत जाणारी अठरा माणसे, आजचा खाडा झालाच आहे म्हणून, दोन जीपांतून बावड्याला लग्नाला गेली. गावातल्याच एका मुलाचे लग्न, मुलगी बावड्याची. मुलीकडच्यांनी मुक्कामाचा आग्रह केला आहे. उद्या मटणाचे जेवण करूनच येणार.

"फोन करा," मी म्हणालो.

"केला. त्यातला दत्तोबा म्हंतोय, नवरदेवाची मानसं हावोत, वरमाईला इचारा. वरमाई म्हंती, मुलीच्या बापाला इचारा. मुलीचा बाप फोनच उचलंना. लगीन हाय न्हवं."

"आपण जाऊ."

वालचंदनगर, शेळगाव, बावडा

पोपटरावांची पिकअप घेतली. बारामती ओलांडली की इंदापूरकडचा मुलूख सुरू होतो. या भागात रूळ नाहीत. तालुक्याची रेल्वे भिगवणच्या बाजूला, एका कडेने जाते. बाकी सगळे रस्त्यावर. ऊस भरलेले ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या मागे लाल फडके, आणि आतल्या टेपरेकॉर्डरचा आवाज इतका मोठा की चालकाला मागचा हॉर्न ऐकू येणे शक्य नाही. त्यांना ओलांडून जाण्यात पोपटरावांचे कौशल्य दिसले. ते मी पाहू इच्छीत नव्हतो.

वालचंदनगर लागले तेव्हा दुपार होती. झाडांच्या रांगा, सारख्या आकाराची घरे, कुंपणावर बोगनवेल, आणि पाळी सुटल्यावर सायकलींवरून निघालेली माणसे. कामाची जागा आणि घर यांत सायकलीचे अंतर. पुण्यात माझा नातू कामावर जाण्यास जेवढा वेळ घालवतो, तेवढ्यात हा माणूस घरी जाऊन, जेवून, झोपून उठेल. अशी वसाहत आज कोणी बांधत नाही. आज कारखाना माळावर निघतो आणि माणसाने आपले आपण यावे अशी अपेक्षा असते. म्हणून थांबे लागतात.

शेळगावच्या अलीकडे चाक पंक्चर झाले. दुरुस्ती होईपर्यंत एका वस्तीवर बसलो. तेथील बाईंनी हुरडा भाजून दिला, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दही. पुण्याबाहेर शेतांवर हुरडा पार्ट्या होतात. तेथे टोपी आणि गादीही देतात. येथे कांबळे होते, आणि हुरडा कोवळा होता. बाईंना आमचे काम कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं हाय ते जातंय म्हनून तुमी पळताय. आमच्याकडं कदी येनार, ते इचारा की त्या सायबाला." मी विचारीन असे म्हटले नाही. निवृत्त माणसाने आश्वासन देऊ नये.

बावड्याला पोहोचलो तेव्हा लग्न लागून गेले होते आणि पंगत चालू होती. मांडवात शिरल्याबरोबर कोणीतरी मला पाटावर बसवले, पान मांडले. मसालेभात, वांग्याची भाजी, बुंदी. मी कोणत्या बाजूचा, हे कोणी विचारले नाही. पान मांडल्यावर उठणे शिष्टाचारात बसत नाही, म्हणून जेवलो, आणि जेवता जेवता दत्तोबाला शोधले. तो कुरकुंभच्या माणसांचा मुकादम आहे. चाळिशीचा, रुंद, फेटा बांधलेला. समोरच बसला होता.

"उद्या सकाळची गाडी धरायला हवी," मी म्हणालो. "पुन्हा मोजणी आहे. शेवटची."

दत्तोबाने बुंदी संपवली. मग म्हणाला, "तात्या, येक बोलू? सकाळी तुमी खुर्चीवं बसला हुता. आमी टाळ्या वाजवत हुतो. घड्याळ कुनाच्या हातात हुतं?"

पंगतीतले त्याचे सोबती पानात पाहू लागले.

"माझ्या," मी म्हणालो. "चूक माझी. ती सांगायलाच आलो आहे."

तो गडबडला. माझ्या वयाच्या माणसाकडून त्याने ते अपेक्षिले नसावे. "न्हाय म्हंजी," तो म्हणाला, "चूक आमची बी हायच. पर मुलीच्या बापानं हात धरल्यात. रातच्याला ऱ्हावा, उद्या जेवा, म्हंतोय. सोडून गेलो तर नवऱ्याकडची मानसं मानापानाची म्हनून नाव व्हईल."

मुलीचे वडील तेवढ्यात वाढप्याबरोबर आलेच. उन्हाने रापलेले, बावड्याचे शेतकरी, टोपी घामाने भिजलेली. पोपटरावांनी त्यांना सगळे सांगितले: थांबा, मोजणी, सात माणसे. ते बुंदीचे भांडे हातात धरून ऐकत राहिले.

"थांबा जानार?" ते म्हणाले.

"माणसे दिसली नाहीत तर जाईल," मी म्हणालो.

"मी त्या गावात पोरगी दिली ती गाडी हाय म्हनून. तीन ठिकानं आली हुती. एक तर पंधरा एकर बागायती. पर पोरीला नर्सिंगची परीक्षा द्यायचीय, दौंडला जावं-यावं लागंल. म्हनलं, ह्यांच्या दारात गाडी हाय." त्यांनी भांडे खाली ठेवले आणि दत्तोबाकडे वळले. "मग हितं काय करताय?"

"तुमीच म्हनला, ऱ्हावा."

"म्हनलो आसंल. आता म्हंतोय जावा. पाटावरनं उठा. मटान डब्यात घालून देतो."

"आवं, हात तरी धू द्या," दत्तोबा म्हणाला.

तरी ते लगेच निघाले नाहीत. वरात बाकी होती. पहाटे निघून थेट फलाटावर येतो, असा दत्तोबाने शब्द दिला. मी तो घेतला. परत येताना पोपटराव म्हणाले, "दत्त्या शबुद पाळतो, तात्या. त्येची जीप पाळंल का, ते सांगता येत न्हाय."

शुक्रवार

सकाळसाठी मी नियम सांगितले होते. खुर्च्या नाहीत. हार नाहीत. चहा नाही. निरीक्षकाशी कोणी बोलायचे नाही. ज्याला प्रवास करायचा नाही त्याने फलाटावर यायचे नाही. सरपंचांनी हे सर्व मान्य केले आणि ते रस्त्यापलीकडे, एका दगडावर, काहीच करायचे नाही अशा अवघडलेल्या स्थितीत बसून राहिले. फिरते फाटक पोपटरावांनी पान्याने बोल्ट काढून खोलून ठेवले होते. त्याला परवानगी होती का, हे मी विचारले नाही.

इस्माईलभाई म्हणाले, "सायेब, तुमी बी चढा. दौंडला उतरून माघारी या. तेवडंच येक वाढंल."

"मी येथला नाही."

"सायबाला काय ठावं?"

"मला ठाऊक आहे."



साडेसहापासून मोटारसायकली येऊ लागल्या. इस्माईलभाई आवाजावरून नावे सांगत होते. सात वाजेपर्यंत शेड भरली. कंपनीची माणसे, शिक्षिका, दोन बँकेतल्या मुली, आयटीआयचे विद्यार्थी, दुधाच्या किटल्या घेतलेला एक म्हातारा. कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नव्हते; परीक्षेच्या खोलीबाहेर असते तशी शांतता होती. नसीम कडुनिंबाखाली उभी होती. सकाळचे थेंब तिने घातल्याचे मला सांगितले. मी विचारले नव्हते.

सात-वीस झाले. दत्तोबाची माणसे नव्हती. गाडीही नव्हती.

सात-पंचवीस. निरीक्षकाने पेन्सिलीला टोक केले.

नोकरीत प्रवाशांच्या हजारो तक्रारी वाचल्या आणि गाडीच्या उशिराची कारणे लिहून दिली. गाडीने आणखी उशीर करावा, असे मी त्या सकाळी प्रथमच इच्छिले. तिने केला. सात-एकतीसला रस्त्यावर धूळ दिसली. पुढची जीप मागच्या जीपला दोराने ओढत होती. अठरा माणसे उतरली. कपड्यांवर हळदीचे डाग, काहींच्या डोक्यावर अजून फेटे, हातात कंपनीचे बूट. दत्तोबा माझ्याजवळून जाताना म्हणाला, "जीपचं म्हननं पडलं, इंदापुरातच ऱ्हावं," आणि डबा माझ्या हातात दिला. "मटान. सोयऱ्यानं तात्याला म्हनून दिलंय."

भोंगा वाजला. कोणी पळाले नाही. गाडी थांबली, आणि माणसे रोजच्या सवयीने आपापल्या डब्याच्या दारासमोर उभी होती ती चढली. निरीक्षक फलाटाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. तो पाच-पाचच्या रेघा ओढत होता. मी मनात मोजत होतो. मिनिटभराने फलाट रिकामा झाला. दुधाच्या म्हाताऱ्याची एक किटली आतल्या कोणीतरी ओढून घेतली, आणि गाडी हलली.

आम्ही आकडे जुळवले. त्याचा एक अधिक होता. त्याने डोळे मिटून आठवले. "एक बाई मुलाला डबा द्यायला चढल्या आणि उतरल्या. त्या धरल्या मी." त्याने ती रेघ स्वतःच खोडली. मला तो माणूस तेव्हा आवडला. आकडा सरकारी कागदावर आहे. तो येथे लिहीत नाही. शंभराच्या बराच पुढे होता.

शेऱ्याच्या रकान्यात त्याने सावकाश लिहिले की, प्रवाशांचे पास बारामतीपासूनचे असल्याने विक्रीच्या तक्त्यात या थांब्याचे प्रवासी दिसत नाहीत. मग विचारले, "सर, हे आधी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"फलाटाबाहेर जावे लागते," मी म्हणालो.

सरपंच दगडावरून उठून आले आणि आता चहा चालेल का, असे विचारले. आता चालेल, असे मी म्हणालो.

दुपारी बारामतीहून निरीक्षकाचा फोन आला. शिफारस पाठवली होती. वरून तोंडी होकार आला होता. लेखी आदेश यथावकाश येईल, पण थांबा राहतो. इस्माईलभाईंनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. मग म्हणाले, "नसीमला तुमी सांगा. माझ्याच्यानं न्हाय व्हायचं." मी फोन केला. पलीकडे रुग्णालयातली गडबड ऐकू येत होती. थांबा राहतो, असे मी सांगितले. नसीम म्हणाली, "चाचा, नमुने लावलेत मशीनला, मी नंतर बोलू?" मी हो म्हणालो.

तिसऱ्या प्रहरी पोपटराव आणि मी प्रत्येक घरी जाऊन सांगून आलो, की पुढचा पास या थांब्याच्या नावाने काढा. बाजाराला जाल तेव्हा बारामतीचे तिकीट वेगळे घ्या. लोकांनी मान डोलावली. किती जण करतील, हे मला ठाऊक नाही. संध्याकाळी दत्तोबाच्या डब्यातले मटण भाकरीबरोबर खाल्ले. इस्माईलभाई माझ्या चघळण्याचा आवाज ऐकून म्हणाले, "दोन दिस पिठलं खाऊ घातलं की ओ तुमाला."

सातला आम्ही दोघे फलाटावर गेलो. दिवस मावळला होता. त्यांनी माझा दंड धरला होता. गाडी आली आणि थांबली. दारे भरून माणसे उतरू लागली.

"उतरली का?" त्यांनी विचारले.

"उतरली. डबा घेऊन येते आहे."

"आन् बाकीची?"

माणसे आमच्या दोन्ही बाजूंनी शेडकडे चालली होती. एकेक मोटारसायकल सुरू होत होती.

"उतरताहेत," मी म्हणालो. मी मोजत नव्हतो.